सपाट उतार

दुपारी जेवण झाल्यावर सकाळचं शूटिंग बघत बसलो होतो, तर पडद्यावर बराच वेळ नुसते पांढरे कॅनव्हासचे बूट. शेजारी काठीचं रबरी टोक. आवाज मात्र स्वच्छ आलाय : "टेकडी चालायला आहे, सर्कस करायला नाही. आणि हे डोक्यावर काय लावलंय?"

वडीलधारं माणूस रागावायला लागलं की आपली मान आपोआप खाली जाते. हेल्मेटवरचा कॅमेराही मग निमूटपणे खाली बघतो. वेताळ टेकडीवर सायकल नेणाऱ्या प्रत्येकाच्या कार्डात असे एखादे बूट असणारच. आजोबांचं तसं बरोबरच होतं म्हणा. सकाळची टेकडी चालणाऱ्यांची.

माझं दुःख बुटांचं नाही, उताराचं आहे. खाणीच्या बाजूची ती मुरमाड वाट, जिथे बारीक खडीवर मागचं चाक सरकतं आणि पोटात गोळा येतो, ती टीव्हीवर लक्ष्मी रस्त्याइतकी सपाट दिसते. लेक म्हणते, "एवढंच?" आता तिला काय सांगायचं? रुंद भिंग सगळं पोटात घेतं आणि समोरचं लांब ढकलतं. उतारावर मान झुकते, तिच्याबरोबर कॅमेरा झुकतो, क्षितिज चौकटीबाहेर जातं; मग वाट तिरकी दिसणार तरी कशाच्या मानाने? उरलेसुरले हादरे हल्लीच्या कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन पुसून टाकतं.

छातीवर पट्ट्याने बांध, असं ग्रुपमधले सांगतात. हँडल, कोपरं, गुडघे दिसतात, उतार जरा उतारासारखा वाटतो. खरं आहे. पण छाती बिचारी नाकासमोर बघणारी. वळण यायच्या आधीच मान तिकडे वळते, बाभळीच्या फांदीखाली वाकते, मोर ओरडला की भलतीकडेच जाते. ते सगळं डोक्यावरच्यातच येतं. मी काही जागा बदलणार नाही.

1980 च्या दशकात सॅन डिएगोच्या मार्क शुल्झने हेल्मेटला व्हिडिओ कॅमेरा बांधला, तेव्हा त्याची वायर पाठीवरच्या पिशवीतल्या व्हीसीआरला जोडलेली होती. व्हीसीआर पाठीला बांधून डोंगर उतरायचा! आमच्याकडे त्या काळात व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्याने यायचा आणि त्याला बोट लावायची आम्हा पोरांना परवानगी नव्हती.

भाड्याने आणखी एक गोष्ट यायची, तासावर सायकल. मे महिन्यात ती घेऊन एस. पी.च्या मैदानावर जायचं. बाबा कॅरिअर धरून मागे पळायचे, चपला काढून. क्रिकेटवाल्यांनी स्टंपांच्या जागी रचलेले दगड मैदानभर असायचे. एवढं मोठं मैदान, पण माझं पुढचं चाक बरोब्बर दगडावर. "दगडाकडे बघू नकोस. बघितलंस की त्याच्यावरच जाशील. वाटेकडे बघ." याचा फोटो नाही. घरात आग्फाचा क्लिक थ्री होता, पण रोलमध्ये फोटो बारा, आणि ते मुंजी-लग्नांसाठी राखून ठेवलेले. सायकल शिकण्याचा कोण फोटो काढतो?

टेकडीवरचे मुरलेले सायकलवाले नवख्यांना अगदी हेच सांगतात. नजर जिथे, चाक तिथे. पण मला ते त्यांनी सांगायची गरज पडली नव्हती. शूटिंगमध्ये वाऱ्याच्या घरघरीखाली, धापा टाकण्याच्या मधेमधे, कुणीतरी पुटपुटत असतं : "बघू नकोस, दगडाकडे बघू नकोस." आवाज माझा आहे. धाक माझा नाही. आधी दरडावायचं आणि शेवटी जरा मऊ व्हायचं, ही तऱ्हा बाबांची. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली आणि त्यांच्या आवाजाची एकही कॅसेट आमच्याकडे नाही.

आईला हे सांगितलं. वाटलं, तिचे डोळे भरून येतील. ती मटार सोलत होती.

"सांगायला काय जात होतं त्यांचं!" ती म्हणाली. "स्वतः लूनावरून दर वेळी मला घेऊन खड्ड्यातच जायचे."