लँकेशायरच्या घराण्याची कादंबरी लिहायची तर

सोलापुरात बसून इंग्लंडातल्या साध्या घराच्या तीन पिढ्या रंगवायच्या असतील, तर लंडन सोडा, लँकेशायर धरा, म्हणजे तिथला कापडगिरण्यांचा मुलूख. आपली जुनी मिल 1877 ची. इथल्या वाचकाला भोंगा, पाळी, धोटा, खळ समजावून सांगावी लागत नाही. पण हाच वाचक चूकही चटकन पकडतो. चालू मागांच्या शेडमध्ये दोघी विणकर निवांत गप्पा मारताना दाखवल्यात, की पुस्तक तिथंच मिटलं. तिथल्या बाया ओठांच्या हालचालीवरून एकमेकींचं बोलणं ओळखायच्या. कांडी (सुताची गुंडाळी) बदलली की धोट्याच्या, म्हणजे मागात आडवं सूत नेणाऱ्या लाकडी तुकड्याच्या, भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायच्या. एकाच धोट्याला किती जणींची तोंडं लागत असतील! घरात आजारपण आणायचं असेल तर उगाच दुसरं कारण शोधू नका.

लिहायला बसण्याआधी वयांचा तक्ता करा. डावीकडे सालं, वर माणसं. 1850 ला जन्मलेली पोर 1861 मध्ये 11 वर्षांची, म्हणजे 1844 च्या कारखाना कायद्याप्रमाणे अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा. तिचा 1896 चा नातू 1914 ला अठरा भरलेला. सक्तीची भरती 1916 ची, तेव्हा त्याआधी तो गेला तर स्वतःहून गेला. हा तक्ता न केल्यामुळे कित्येक कादंबऱ्यांत आजी मुलीपेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठी निघते.

आता मुख्य उलथापालथ. 1861 ते 1865 चा कापसाचा दुष्काळ. अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली, कापूस थांबला. हौशी लेखक इथं घाई करतात आणि युद्धाची बातमी येताच गिरणीला टाळं लावतात. प्रत्यक्षात 1859-60 मध्ये माल इतका काढला होता की गोदामं तुंबलेली होती. आधी कामाचे तास घटले, मग दिवस, आणि 1862 च्या हिवाळ्यात खरी उपासमार. पगार थोडा थोडा आटतो, घरातल्या वस्तू एकेक करून गहाण पडतात, शेवटी अंथरूण जातं. तीन-चार प्रकरणं इथंच निघतात.

मग हिंदुस्थानातला कापूस गेला. त्याला तिकडं सरसकट ‘सुरत’ म्हणत. तंतू आखूड, कचरा फार. तार सारखी तुटायची, माग थांबायचा. मजुरी कापडाच्या तुकड्यावर, त्यामुळे दिवसभर राबूनही हातात निम्मं-पाऊण. गिरणी चालू आणि घर उपाशी, हे आपल्याकडच्या मागवाल्याला दोन ओळींत कळेल.

मदतीचं चित्रही नीट काढा. मुलींसाठी शिवणवर्ग, पुरुषांना रस्त्यांची कामं. सूत धरून मऊ झालेल्या हातात फावडं. मार्च 1863 मध्ये स्टेलीब्रिज या गिरणगावात मदत म्हणून रोख पैशांऐवजी तिकिटं द्यायचं ठरलं आणि दंगल पेटली. भुकेपेक्षा हा अपमान झोंबला असणार, असं मला वाटतं. प्रसंग लिहाल तेव्हा नेता बाजूला ठेवा. रांगेतल्या बाईच्या हातातलं तिकीट आणि ते चालणारं एकच दुकान पुरेसं आहे.

हिशेब जुनाच हवा: 12 पेनीचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड. 1971 पर्यंत हेच.

नावं-पत्ते खरे वाटावेत म्हणून दर दहा वर्षांची जनगणना चाळा. 1851 पासून कुटुंबप्रमुखाशी नातं, वय, धंदा, जन्मगाव असं सगळं मिळतं. 1841 वर मात्र विसंबू नका. पंधरावरच्या माणसांची वयं तिथं बहुधा खालच्या पाचाच्या पटीत उतरवलेली असतात, 39 चा माणूस 35 चा दिसतो. 1911 चा तक्ता सोनं आहे: लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली, किती गेली, सगळं त्यात आहे. 1931 ची कागदपत्रं 1942 मध्ये आगीत गेली आणि 1941 ला युद्धामुळे गणनाच झाली नाही. त्या पिढीसाठी सप्टेंबर 1939 ची, युद्ध सुरू होताच केलेल्या देशभरातल्या नोंदणीची वही वापरा. तिच्यात पूर्ण जन्मतारीखही सापडते.