मजुरीचा रकाना

अमृत महोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागणारं समितीचं पत्र आलं तेव्हा आमच्याकडे रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, हंगाम ऐन भरात होता. अंगणभर सोलं पसरलेली आणि पाऊस यायच्या आत ती उचलायची घाई. पण शाळेने मागितलंय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? संस्थापकांविषयी, निकालांविषयी, नव्या सभागृहाविषयी बाकीचे लिहितीलच. मी आपली भांडारवाल्या सरांविषयी लिहिते.

सर गणिताचे, पण आम्हाला ते आठवतात विद्यार्थी भांडाराच्या खिडकीत आणि कार्यानुभवाच्या तासाला. नववीत आमच्या गटाकडे खडू आले होते. साच्याला रॉकेल-खोबरेलाचा हात फिरवायचा, प्लॅस्टर ऑफ पॅरिस भराभर कालवून ओतायचं, पट्टीने वरचं सपाट करायचं. कालवायला जरा उशीर झाला की घमेल्यातच गोळा व्हायचा. खडू वाळले, खोकी भरली आणि मी मोठ्या ऐटीत हिशेबाची वही सरांपुढे धरली. प्लॅस्टर, रॉकेल, खोबरेल, पुठ्ठ्याची खोकी, सगळं लिहिलेलं, आणि खाली नफा.

सरांनी वही वरपासून खालपर्यंत पाहिली. वर्गात शुद्ध बोलणारे सर अशा वेळी हमखास मालवणीवर यायचे. म्हणाले, "गो, तुझी मजुरी खंय असा?"

आम्ही हसलो. शाळेतल्या मुलींना कसली मजुरी! सर हसले नाहीत. तांबड्या शाईने रकाना आखला, बाहेर रोजाने जाणाऱ्या बाईचा दर धरून आमचे तास मांडले, आणि नफा गेला की! आमचं खोकं बाजारातल्या खोक्यापेक्षा महाग पडत होतं. मग तासभर चर्चा झाली ती तुटीची. साच्यातून काढताना खडू मोडतात ते का, आणि मोडलेल्यांचं काय करायचं. ते शेवटी अर्ध्या किमतीत बालवाडीला गेले.

लग्नानंतर सासरी कोकमाची कलमं होती, पण रातांबे व्यापारी सांगेल त्या भावाने जायचे. २००९ साली सरांनी वर्तमानपत्रातलं एक कात्रण घरी पाठवलं. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं, म्हणजे एमसीईडीचं, प्रशिक्षण होतं. मागे सरांच्या अक्षरात एवढंच, 'जा.' घरात 'धंदा आपलं काम नव्हे' हे ऐकतच मी वाढले होते. तरी गेले.

तिथे पहिल्याच दिवशी रिंगा फेकायला लावल्या. खुंटीपासून किती लांब उभं राहायचं ते आपण ठरवायचं. मी खुंटीला जवळजवळ चिकटूनच उभी राहिले. काही पोरं भिंतीपाशी जाऊन नशीब आजमावत होती. प्रशिक्षकांनी सांगितलं की मॅक्लेलँड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६४ च्या सुमारास आंध्रातल्या काकिनाड्याच्या छोट्या उद्योजकांना असं प्रशिक्षण दिलं होतं. जमेल पण घाम फुटेल, अशा अंतरावर उभं राहायचं. पुढच्या खेपेला मी मागे सरकले. हसू येईल, पण स्वतःहून असं मागे सरकणं मला तोवर माहीतच नव्हतं.

प्रकल्प अहवाल करायची वेळ आली तेव्हा मात्र सर उभे राहिले समोर. आजूबाजूला जवळपास सगळ्यांनी स्वतःची मेहनत आणि घरची जागा फुकट धरली होती. माझ्या अहवालात माझा पगार होता, सासूबाईंची मजुरी होती, पडवीचं भाडंही होतं. प्रशिक्षकांनी विचारलं, "कुठे शिकलात?" मी शाळेचं नाव सांगितलं.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज झालं. ग्रामीण भागातल्या बाईला ३५ टक्के अनुदान, स्वतःचे ५ टक्के. ऐकायला गोड, पण अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकलेली असते, आणि बँकेतले साहेब "मिस्टरांना घेऊन या" म्हणत राहतात. शिवाय कोकमाचं गणित वेगळंच. फळ सगळं महिना-दीड महिन्यात रोखीने घ्यायचं आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस), अमृत कोकम (सरबताचा पाक) विकायचं वर्षभर. खेळतं भांडवल किती लागतं ते आधी मांडलं होतं म्हणून पहिल्या वर्षी तरले. आज गावातल्या बायका आमच्याकडे कामाला आहेत, माल पुण्या-मुंबईला जातो.

पहिली बाटली घेऊन सरांकडे गेले होते. म्हटलं, आता तरी शाबासकी मिळेल. सरांनी बाटली उन्हात धरून पाहिली, लेबल वाचलं आणि विचारलं, "झाकणाचा खर्च धरलास?" धरला होता.

परवा शाळेत येऊन गेले. भांडाराची खिडकी बुजवून तिथे फलक लावलाय आणि खडू तालुक्याहून खोक्यांनी येतात. इमारत देखणी झाली आहे, पण मला काही करमलं नाही. समितीला एक विनंती. साचे प्रयोगशाळेच्या माळ्यावर असतील तर उतरवा. प्लॅस्टरची पोती मी पाठवते, आणि नववीच्या मुलांचा हिशेब तपासायला जूननंतर मोकळीच असते.