रंग गेले, चिन्हं गेली

वेबसाइटचं पान काळंठिक्कर, बटणांचे रंग गायब, मेनूच्या जागी चौकोन. असं दिसलं की बहुतेक जण कॅश, म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या जुन्या फाइल्स, साफ करतात, मग ब्राउझर काढून पुन्हा टाकतात. मी आधी विचारतो, डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबलं गेलं का? विंडोजमध्ये त्याने हाय कॉन्ट्रास्ट, म्हणजे कमी दिसणाऱ्यांसाठीची ठळक रंगांची सोय, सुरू होतो. मध्ये एक खिडकी विचारते, पण घाईत 'येस' दाबलं जातं, आणि फायरफॉक्स असो की क्रोम, साइटचे रंग बाजूला पडून ठरावीक मोजके रंगच उरतात. तीच बटणं पुन्हा दाबली की सगळं पूर्ववत. हाय कॉन्ट्रास्ट सुरू नसेलच तर फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये कॉन्ट्रास्टचा (जुन्या आवृत्तीत रंगांचा) भाग उघडून बघा. पानांचे रंग डावलून आपलेच रंग वापरायचे, असं तिथे निवडलेलं असू शकतं.

चिन्हांचं कारण बऱ्याचदा निराळं असतं. घर, भिंग, कचरापेटी ही कित्येक साइटवर चित्रं नसतातच, फॉन्टमधली अक्षरं असतात. 'फॉन्ट ऑसम'सारखा फॉन्ट उतरला नाही की फायरफॉक्स तिथे बारीक आकडे-अक्षरं भरलेला चौकोन दाखवतो. गूगलचा 'मटेरियल आयकॉन्स' असेल तर भिंगाऐवजी 'सर्च' हा इंग्रजी शब्दच उमटतो. अशा वेळी फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये फॉन्टच्या 'ॲडव्हान्स्ड' खिडकीत पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू देण्याची खूण आहे ना, ते बघा. यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन वापरत असाल तर त्यात बाहेरचे फॉन्ट अडवलेत का, तेही.

माझ्या मावशीला मात्र हाय कॉन्ट्रास्ट हवाच आहे. काचबिंदूमुळे तिला काळ्यावरची पिवळी अक्षरंच नीट वाचता येतात. तिच्या बँकेच्या साइटवर 'पुढे' जायला नुसता बाण आहे. तो बाण म्हणजे बाणाच्या आकारात कापलेला पार्श्वभूमीचा रंग. हाय कॉन्ट्रास्टमध्ये ब्राउझर तो रंगच बदलतो आणि बाण काळ्यात काळा होऊन जातो. पेन्शन आली का हे बघायला तिला दर वेळी कॉन्ट्रास्ट बंद करावा लागतो, बाण दाबावा लागतो, पुन्हा चालू करावा लागतो. मला याचा मनापासून राग येतो. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस भाषेत 'फोर्स्ड-कलर्स' नावाची अट आहे, तिच्यात दोन ओळी लिहिल्या की बाण परत दिसतो. त्याहून सोपं म्हणजे बाणाशेजारी 'पुढे' असं लिहायचं. बँकेला मी स्क्रीनशॉट जोडून हेच कळवलं आहे.