ऐनवेळच्या विषयात आलेलं हॅकसॉ ब्लेड

शिरोली एम.आय.डी.सी.त माझं लहानसं मशीनशॉप आहे. फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग आम्ही मशीनिंग करून पुढं देतो. वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर मेस्त्री होते, त्यामुळं वर्कशॉपचा वास मला लहानपणापासून ओळखीचा. २०२१ साली आमच्या उद्योजक संघटनेनं माझं नाव एका तालुक्याच्या सरकारी आय.टी.आय.साठी सुचवलं आणि काही महिन्यांनी पत्र आलं: संस्था व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. घरी पत्र वाचून दाखवलं तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "आपल्याला माणसं मिळत नाहीत म्हणून रोज ओरडतोस ना, मग जा आता."

ही समिती म्हणजे काय, हे मलाही तेव्हा धड माहीत नव्हतं. केंद्र सरकारनं २००७-०८ पासून देशातल्या १,३९६ सरकारी आय.टी.आय. उद्योगांच्या भागीदारीतून सुधारायची योजना आणली. प्रत्येक संस्थेत समिती, तिची सोसायटी म्हणून नोंदणी, आणि त्या सोसायटीला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज. अध्यक्ष उद्योगाचा, सोबत स्थानिक उद्योगांचे चार प्रतिनिधी. सरकारकडून पाच जण: जिल्हा रोजगार अधिकारी, व्यवसाय शिक्षण संचालनालयाचा प्रतिनिधी, शिक्षणक्षेत्रातला एक जाणकार, संस्थेतला एक ज्येष्ठ निदेशक (म्हणजे वर्कशॉपमध्ये शिकवणारा) आणि एक प्रशिक्षणार्थी. प्राचार्य सदस्य सचिव. कर्जाची पहिली १० वर्षं परतफेड नाही, पुढं २० वर्षं समान वार्षिक हप्ते. अडीच कोटी उचलले असतील तर वर्षाला साडेबारा लाख. आमच्या संस्थेनं ते पूर्ण उचलले होते, आणि मी खुर्चीत बसलो तेव्हा हप्ते नुकतेच चालू झाले होते.

पहिली सभा प्राचार्यांच्या केबिनमध्ये झाली. चहा, बिस्किटं, विषयपत्रिका. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, मुदतठेवींचे नूतनीकरण, सूचक अमुक, अनुमोदक तमुक. पाऊण तासात सगळं उरकलं. कर्जातला मोठा भाग मुदतठेवीत होता आणि त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. खर्च केला तर लेखापरीक्षणात शेरा येईल आणि उद्या हप्ता कुठून भरायचा, ही भीती. ती खोटी नव्हती. पण खोलीत बसलेल्या अकरा जणांत मुलांना आज काय शिकवलं जातंय याबद्दल एक अक्षर कुणी बोललं नव्हतं.

शेवटी 'ऐनवेळचे विषय' आले. दाराजवळच्या खुर्चीत प्रशिक्षणार्थी प्रतिनिधी बसली होती, फिटर ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, खाकी ॲप्रन घातलेली. तोवर तिनं तोंड उघडलं नव्हतं. मी विचारलं, तुला काही सांगायचंय का? तिनं प्राचार्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, "सर, हॅकसॉचं ब्लेड गावत न्हाई. चौघांत एक हाय. आनि फ्लॅट पट्टी संपलीया, म्हणून जुन्याच जॉबला परत फाईल मारतोय आमी."

फिटरला पहिल्या वर्षी काय करतात, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडी पट्टीचा तुकडा हॅकसॉनं, म्हणजे लोखंड कापायच्या हातकरवतीनं, कापायचा आणि फाईल, म्हणजे कानस, मारून मारून तो काटकोनात, मापात आणायचा. काटकोन तपासायचा ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडं धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत फाईल. हाताला फोड येतात. पुढं दोन तुकडे एकमेकांत बसवायचे, मेल-फिमेल. ते नीट बसले की मुलाचा चेहराच बदलतो, मी स्वतः पाहिलंय. अडीच कोटींच्या संस्थेत हा जॉब करायला पट्टी नव्हती, ब्लेड नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं की सभा केबिनमध्ये घ्यायची नाही. पुढची सभा फिटर शॉपमध्ये, वर्कबेंचच्या कडेला झाली. तेव्हापासून सगळ्या वर्कशॉपमध्येच होतात.

ब्लेड आणि पट्टीचा प्रश्न खरं तर सोपा होता. पहिल्यांदा मनात आलं, माझ्या शॉपमधून टेम्पो भरून तुकडे पाठवावेत. पण समितीच्या खात्यावर माझी आणि प्राचार्यांची सही चालते, मग माल माझा आणि चेकवर सहीही माझी, हे शोभत नाही. म्हणून दोन ठराव केले. अध्यक्षाच्या किंवा सदस्याच्या कारखान्यातून संस्थेनं काहीही विकत घ्यायचं नाही. द्यायचं तर देणगी म्हणून, वजन करून, नोंदवहीत लिहून. आणि मुदतठेवींच्या व्याजातला ठरावीक भाग दर वर्षी फक्त कच्च्या मालासाठी बाजूला. जून संपायच्या आत खरेदी झालीच पाहिजे, कारण प्रवेश झाल्यावर कागद हलवले तर माल दिवाळीत येतो. नव्या कुठल्याही समितीत जाणाऱ्यानं पहिल्याच सभेत एवढं तरी करावं.

खरं गाडं अडलं होतं ते सी.एन.सी.पाशी. संस्थेच्या मशीन शॉपच्या कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली एक सी.एन.सी. लेथ होता, म्हणजे संगणकी प्रोग्रॅमवर चालणारा लेथ. माझ्याआधीच्या समितीनं घेतलेला. तो चालू का नाही, असं विचारलं की प्रत्येक जण निराळं कारण सांगायचा. एका शनिवारी मी माझ्या शॉपमधला मेंटेनन्सचा माणूस घेऊन गेलो, ताडपत्री काढली. बेडवर गंजाचे पिवळट ठिपके. कंट्रोलरला वीज दिली तर स्क्रीनवर अलार्मची रांग. या मशीनची पॅरामीटर्स, म्हणजे ते कसं चालायचं याची भरलेली माहिती, एका छोट्या बॅटरीवर टिकून असतात. मशीन बंद ठेवलं आणि बॅटरी वेळेत बदलली नाही, तर सगळं पुसलं जातं. तेच झालं होतं. काही शे रुपयांच्या बॅटरीपायी लाखांचं मशीन मुकं झालं होतं.

त्याच्याही मागचं कारण त्या शॉपच्या निदेशकांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं. आधी त्याबद्दल बोलायला तयार नव्हते. म्हणाले, "साहेब, मशीन जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे संस्थेच्या सामानाच्या वहीत, माझ्या नावावर आहे. मला त्याचं ट्रेनिंग नाही. पोरांनी टूल आपटलं, चक तुटला, तर वसुली कुणाकडून होणार?" हा माणूस कामचुकार नव्हता. त्यांच्या हातचं थ्रेडिंग मी बघितलंय, माझ्या कारखान्यात तसं करणारे दोनच आहेत. त्यांना मशीन झाकून ठेवणं हाच सुरक्षित मार्ग वाटला होता, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही झाकलंच असतं.

तेव्हा मला कळलं की माझं काम कुठलं. भीती कुणाच्या माथी आहे हे शोधायचं आणि ती समितीनं आपल्या अंगावर घ्यायची. ठराव लिहायला दोन सभा लागल्या. मजकूर असा: प्रशिक्षण चालू असताना, निदेशक हजर असताना, नियम पाळून झालेली मोडतोड हा प्रशिक्षणाचाच खर्च समजावा, तिची दुरुस्ती समितीच्या राखीव दुरुस्ती निधीतून करावी. रोजगार अधिकाऱ्यांनी 'नियम पाळून' हे शब्द घालायला लावले आणि ते बरोबरच होतं. सुरक्षा बूट नसतील, गॉगल नसेल, दरवाजा उघडा ठेवून मशीन चालवलं, तर हा ठराव लागू नाही. इतिवृत्ताची प्रत प्रादेशिक कार्यालयाला पाठवली. निदेशकांनी ती लॅमिनेट करून मशीनशेजारच्या भिंतीला लावली. आजही तिथंच आहे.

पुढचे नऊ महिने नुसते कागदाचे गेले. मंजूर वीजभार कमी होता, म्हणून भारवाढीचा अर्ज. अर्थिंग तपासलं तर निकामी. नवे खड्डे घेतले. विजेचा दाब स्थिर ठेवणाऱ्या सर्व्हो स्टॅबिलायझरची खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून. तिथं तांत्रिक तपशील आम्ही अर्धवट भरला होता म्हणून एकदा रद्द करून परत करावी लागली. मशीन बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर दोन दिवस बसून पॅरामीटर्स भरून गेला. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, रीतसर परवानगी घेऊन, निदेशक दोन आठवडे शिरोलीतल्या एका कारखान्यात ऑपरेटरशेजारी उभे राहिले. पन्नाशीचा माणूस सकाळी सातच्या पाळीला डबा घेऊन येत होता. मला त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो त्या दोन आठवड्यांचा आहे.

२०२३ च्या फेब्रुवारीत पहिला जॉब निघाला. २५ मिलिमीटरचा एम.एस. (साध्या पोलादाचा) बार, तीन पायऱ्यांचं स्टेप टर्निंग. प्रोग्रॅम टर्नर ट्रेडच्या एका मुलानं टाइप केला, एकेक अक्षर बोटानं दाखवत. निदेशकांनी आधी हवेतच, बारपासून दूर, टूल फिरवून दाखवलं. मग कूलंट सुटलं, त्याचा तो दुधाळ वास, आणि चिप्सच्या गुंडाळ्या ट्रेमध्ये पडायला लागल्या. मशीनभोवती वीस मुलं श्वास धरून उभी. जॉब बाहेर काढला, पुसला, मायक्रोमीटर लावला. माप हवं होतं २४ मिलिमीटर, आलं २३.९८. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कारखान्यात असे जॉब दिवसाला शेकड्यांनी निघतात, पण तो तुकडा मी मागून घेतला. टेबलावर ठेवलाय.

सगळंच असं जमलं नाही. मुलांनी प्रशिक्षणाचे काही महिने कारखान्यात घालवावेत यासाठी दुहेरी प्रशिक्षण पद्धती आहे, संस्था आणि उद्योग यांच्या करारावर चालणारी. आम्ही तीन कारखान्यांशी करार केले. त्यातल्या एकानं मुलांना महिनाभर पॅकिंगला उभं केलं. मुलांच्या डायरीत रोज एकच ओळ: बॉक्स भरणे. ती डायरी कुणीच वाचत नव्हतं, मीसुद्धा नाही. एका आईनं संस्थेत येऊन विचारलं, "माझा पोरगा फिटर होतोय का हमाल?" तेव्हा आम्हाला समजलं. दुसऱ्याच दिवशी मुलं परत आणली, करार रद्द केला. एक महिना मात्र गेला, तो मुलांना परत देता आला नाही. आता दर पंधरा दिवसांनी समितीचा एक सदस्य डायऱ्या वाचतो आणि खाली सही करतो.

दुसरा त्रास दर वर्षीच्या प्रवेशाचा. २० टक्क्यांपर्यंत जागा समितीच्या कक्षेत येतात. त्यांची फी नेहमीच्या जागांपेक्षा जास्त असते, आणि कर्जाचा हप्ता भरायला तो पैसा लागतो. जून उजाडला की फोन सुरू. आमच्या भाच्याला इलेक्ट्रिशियन, शेजाऱ्याच्या पोराला डिझेल मेकॅनिक. पुढारी, नातेवाईक, माझे गिऱ्हाईकही. मी सगळ्यांना एकच सांगतो: दहावीचे गुण घेऊन फॉर्म भरा, यादी फळ्यावर लागेल, माझ्या हातात खडूसुद्धा नाही. एक जुनं गिऱ्हाईक यावरून तुटलं. वाईट वाटलं, पण त्या वर्षीच्या यादीतला शेवटचा मुलगा उसाच्या फडावरच्या मजुराचा होता, ५८ टक्क्यांचा. भाच्याची चिठ्ठी चालली असती तर तोच बाहेर पडला असता.

शिकाऊ उमेदवारीसाठीही, म्हणजे अप्रेंटिसशिपसाठी, बरंच फिरलो. कायद्यानं ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घ्यावेच लागतात; चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. आमच्या भागातली बहुतेक शॉप त्या ऐच्छिकातली, दहा-बारा माणसांची. विद्यावेतनातला काही भाग केंद्र सरकार उचलतं, हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊकच नव्हतं. पोर्टलवर नोंदणी करायला मी माझ्या शॉपमधला संगणकावर काम करणारा मुलगा बरोबर घेऊन शॉपोशॉपी हिंडलो. असे फॉर्म त्यांच्याच टेबलावर बसून भरून दिले की होतात. पत्रं पाठवून एकही झाला नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रानं पी.एम.-सेतू नावाची ६०,००० कोटींची योजना सुरू केली. १,००० सरकारी आय.टी.आय., त्यात २०० मुख्य केंद्रं आणि त्यांना जोडलेल्या ८०० संस्था, पुन्हा उद्योगांच्या पुढाकारानं. आमच्या संघटनेत त्यावर बैठक झाली. सगळे नव्या मशीनच्या याद्या काढत होते. मी विचारलं, बॅटरी बदलायची तारीख कोण लिहून ठेवणार? मोडतोडीचा ठराव पहिल्या दिवशी करणार का? निदेशकांना कारखान्यात पाठवायचे दिवस वेळापत्रकात धरलेत का? हे तीन मुद्दे मी लेखी दिलेत, आणि प्रस्ताव जाईल तेव्हा ते त्यात असल्याशिवाय माझी सही नाही हेही सांगितलंय.

ब्लेड मागणारी ती मुलगी पास होऊन आता कागलच्या एका कारखान्यात असेंब्लीला आहे. मध्यंतरी स्वतःच्या पगारातून घेतलेली ब्लेडची दोन पाकिटं फिटर शॉपला देऊन गेली. देणगीच्या नोंदवहीत तिचं नाव लिहिलंय. सध्याचा प्रतिनिधी वायरमन ट्रेडचा मुलगा आहे. प्रतिनिधीचा विषय आता ऐनवेळी येत नाही, विषयपत्रिकेत एक नंबरला असतो. या खेपेला त्यानं लिहून दिलंय: दुसरी पाळी सुटल्यावर वरच्या वाड्यांकडं जाणारी एस.टी. आधीच निघून जाते, म्हणून अकरा मुलं शेवटचा तास बुडवतात. पाळी वीस मिनिटं अलीकडं घेता येते का ते प्राचार्य बघतायत. गाडीची वेळ बदलण्याचं पत्र तयार आहे, त्यावर अकराही मुलांच्या सह्या आहेत. सोमवारी ते घेऊन मी आणि तो मुलगा डेपोत जाणार आहोत.