"वय झालं, चालायचंच!"

गंगापूर रोडवरच्या मेडिकलमध्ये एक आजोबा विचारत होते, "सकाळची मधुमेहाची गोळी, ग्लिमेपिराइड, घेतली का ते आठवत नाही. आता एक घेऊन टाकू?" मागून कुणीतरी हसून म्हणालं, "वय झालं, चालायचंच!"

चालायचंच कसं?

वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की डोळ्यांच्या, किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, तशाच मेंदूच्याही. टाइप २ मधुमेहात डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका साधारण दीडपट. सुरुवात विसरण्यानेच होते असंही नाही. हिशोबाला वेळ लागतो, दोन कामं एकदम सांगितली की गोंधळ उडतो. घरच्यांना तो हट्टीपणा वाटतो.

त्यात ही गोळी चुकून दोनदा गेली तर रक्तातली साखर ७० mg/dL च्या खाली घसरू शकते. उतारवयात घाम, थरथर दिसेलच असं नाही. नुसती असंबद्ध बडबड किंवा गुंगी. शुद्धीत असतील तर ३ चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट हॉस्पिटल. साखर अशी वारंवार, जोरात घसरणंही मेंदूला वाईट.

म्हणून शंका असेल तर दुसरी गोळी नको. आधी साखर तपासा, डॉक्टरांना फोन करा. वारांचे कप्पे असलेला डबा आणा, रविवारी घरातल्या दुसऱ्याने भरायचा.

आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, त्यानेही विसरभोळेपणा येऊ शकतो. हा तर भरून निघण्यासारखा! तुमच्या घरी बी-१२ शेवटचं कधी तपासलं?