तुम्ही विचारलंत म्हणून: खिशात मोबाईल असताना रेडिओचा टॉवर कशाला?

प्रश्न साधारण असा येतो: "आता सगळ्यांकडे फोन आहेत. मग डोंगरापलीकडच्या शे-दीडशे घरांसाठी जनतेच्या पैशांवर रेडिओ केंद्र कशाला चालवायचं?" विचारणाऱ्याचा सूर बहुतेकदा हिशेबी असतो, म्हणून आधी हिशेबच करू.

एफएमचा एक मध्यम ट्रान्समीटर समजा ४० किलोमीटर त्रिज्येत ऐकू येतो. ते क्षेत्रफळ सुमारे ५,००० चौरस किलोमीटर भरतं. दर चौरस किलोमीटरला दोन हजार माणसं राहत असतील, तर एक कोटी श्रोते हाताशी आले. दोनच राहत असतील, तर दहा हजार. वीज तेवढीच, मास्ट (अँटेनाचा उंच खांब) तेवढाच, तंत्रज्ञाचा पगारही तेवढाच. दरडोई खर्च मात्र हजारपट. जाहिरातीवर चालणारं केंद्र तिथे जात नाही यात त्याचा दोष नाही, त्याचा तो धंदाच नव्हे. आणि नेमक्या याच कारणाने मोबाईल कंपनीचा टॉवरही तिथे उशिरा येतो, एकटाच येतो आणि बंद पडला की दुरुस्तीच्या यादीत शेवटी असतो. म्हणजे "फोन आहे ना" हे उत्तर जिथे सर्वांत लंगडं, तिथेच ते सर्वांत जास्त दिलं जातं.

शिवाय फोनचं जाळं गर्दीने कोसळतं. पूर आला की सगळे एकदम फोन लावतात आणि कुणाचाच लागत नाही. रेडिओला एक श्रोता काय आणि एक लाख काय, ट्रान्समीटरवर भार तेवढाच. फोनच्या टॉवरची बॅटरी साधारण काही तास टिकते. दोन सेलवर चालणारा छोटा रेडिओ रोज तासभर लावला तर आठवडेच्या आठवडे चालतो. १५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळ समुद्राखालच्या ज्वालामुखीचा स्फोट झाला, देशाला जगाशी जोडणारी एकुलती एक केबल तुटली आणि मुख्य बेटावर ती पूर्ववत व्हायला पाच आठवडे लागले. एकाच तारेवर लटकलेल्या प्रत्येक वस्तीची हीच गत आहे. फक्त बातमी होत नाही.

आता लहरींकडे. "टॉवर उभारला की झालं" असं वाटणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

एफएमची लहर जवळपास नजरेसारखी सरळ जाते. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१ ने गुणा. तेवढ्या किलोमीटरवर तिचं क्षितिज. २५ मीटरला २० किलोमीटर, १०० मीटरला ४१, ४०० मीटरला ८२. ही उंची भोवतालच्या सपाटीपासून मोजायची, म्हणून ३८० मीटरच्या टेकडीवरचा २० मीटरचा खांब सपाटीवरच्या कुठल्याही परवडणाऱ्या मास्टला हरवतो. सिग्नल कमी पडतो म्हटलं की पहिली मागणी जास्त वॉटच्या ट्रान्समीटरची होते. १०० वॉटचे ४०० केले की लहरीचा जोर दुप्पट होतो. सपाट मुलखात खांबाची उंची दुप्पट केली तरी जवळपास तेवढाच फायदा मिळतो, आणि विजेचं बिल वाढत नाही. मात्र मध्ये डोंगराची धार आली की पलीकडच्या खोऱ्यात दोन्ही उपाय वाया. तिथे धारेवर छोटं सहक्षेपण केंद्रच लागतं, म्हणजे स्वतःचा कार्यक्रम न करता दुसऱ्या केंद्राचा पुढे सोडणारं.

मध्यम लहरी, म्हणजे मीडियम वेव्ह, जमिनीला धरून चालतात. समुद्रावरून आणि ओल्या मातीवरून लांब जातात, कोरड्या खडकाळ रानात दमतात. इथे मास्ट हाच अँटेना असतो. १,००० किलोहर्ट्झची लहर ३०० मीटर लांब, म्हणून पाव लहरीचा मास्ट ७५ मीटर. त्याच्या पायथ्यापासून चहूबाजूंना तांब्याच्या तारा पुरायच्या. पूर्ण मांडणीत अशा १२० तारा, प्रत्येकी ७५ मीटर, म्हणजे नऊ किलोमीटर तांबं जमिनीखाली. हे तांबं चोरीला जातं, नांगराने तुटतं, खाऱ्या मातीत कुजतं. वर मास्ट दिमाखात उभा असतो, ट्रान्समीटरचा काटा पूर्ण शक्ती दाखवतो आणि साठ किलोमीटरवरचं गाव कुरकुरतं की हल्ली नीट ऐकू येत नाही. रात्री आणखी गंमत. सूर्य मावळला की वातावरणातला लहरी शोषणारा थर विरतो, दूरदूरची केंद्रं त्याच जागी येऊन बसतात आणि आपलं केंद्र त्या कल्लोळात हेलकावे खातं.

लघुलहरी, म्हणजे शॉर्टवेव्ह. यांचा एक प्रकार विरळ वस्तीसाठी फार कामाचा आहे: लहर जवळजवळ सरळ वर सोडायची, ती आयनमंडलावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून छत्रीसारखी खाली येते आणि दऱ्याखोऱ्यांसकट शेकडो किलोमीटरचा मुलूख झाकते. अट एकच, दिवसाची आणि रात्रीची फ्रिक्वेन्सी वेगळी ठेवावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत तिथली सार्वजनिक प्रसारण संस्था एबीसी हेच करत असे. कॅथरीन, टेनंट क्रीक आणि ॲलिस स्प्रिंग्जजवळची तीन केंद्रं दिवसा ६० मीटर लहरलांबीच्या पट्ट्यावर, रात्री १२० मीटरच्या. ३१ जानेवारी २०१७ ला ही सेवा बंद झाली. पर्याय म्हणून एफएम आणि उपग्रह पुढे करण्यात आले. पण उपग्रहाची डिश घरावर बसते. गुरांच्या मागे रानोमाळ फिरणाऱ्याला, लांब पल्ल्याच्या ट्रकचालकाला आणि समुद्रात गेलेल्या कोळ्याला तिचा काय उपयोग? त्यांनीच सर्वांत मोठ्याने हरकत घेतली होती. आमच्या मते तो निर्णय नकाशा पाहून घेतला गेला. नकाशावर घरं दिसतात, चालती माणसं दिसत नाहीत.

आता वीज. दुर्गम केंद्रं बंद पडण्याचं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत नेहमीचं कारण तेच. १०० वॉटचा एफएम ट्रान्समीटर, उपग्रहावरून कार्यक्रम घेणारा रिसीव्हर, पंखा असं मिळून सुमारे २५० वॉट धरा. दिवसाला सहा युनिट. केंद्र सौरविजेवर असेल आणि तीन दिवस ऊन पडलं नाही तरी ते चालावं असं ठरवलं तर १८ युनिट हवेत. आणि लेड-ॲसिड बॅटऱ्या निम्म्याखाली उतरवल्या की लवकर मरतात, म्हणून साठा ३६ युनिटचा, म्हणजे ४८ व्होल्टला ७५० ॲम्पिअर-अवर. दिवसाला पाच तास चांगलं ऊन धरलं तर पॅनेल सव्वा किलोवॉट, गळती धरून पावणेदोन. ढगाळ महिन्यांचा मुलूख असेल तर दुप्पट. निविदा निघताना पहिली कात्री बॅटरीला लागते, कारण ती महाग असते आणि कमी घेतल्याचं पहिल्या वर्षी कळत नाही. दुसऱ्या वर्षी पहाटे चारला केंद्र बंद पडायला लागतं. तेव्हा दोष ट्रान्समीटरवर जातो, ट्रान्समीटर बदलला जातो आणि केंद्र पुन्हा पहाटे चारलाच बंद पडतं.

दुसरं कारण पाणी. अँटेनाकडे जाणाऱ्या केबलच्या जोडावरची टेप उन्हाने तडकते, पाणी आत उतरतं, लहर अँटेनातून बाहेर पडण्याऐवजी माघारी फिरते. किती लहर माघारी येते हे सांगणारा आकडा, म्हणजे स्टँडिंग वेव्हचं प्रमाण, दीड असेल तर चार टक्के शक्ती परत येते, दोन झालं की अकरा टक्के. त्यापुढे ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला शक्ती आपोआप उतरवतो. केंद्र चालू दिसतं, शेवटची दहा गावं मुकी होतात. यावर उपाय साधा: तो आकडा दर आठवड्याला वहीत लिहायचा. आकडा हळूहळू चढत असेल तर पावसाआधी जोड उघडून, कोरडा करून, नवी टेप खालून वर गुंडाळायची. वरून खाली गुंडाळली तर टेपचे थर पन्हळासारखे पाणी आत घेतात.

बाकी किरकोळ: उंदीर, मुंग्या, वीज पडणं. आणि वर्षातून दोनदा, विषुवदिनाच्या आसपास काही दिवस, सूर्य बरोबर उपग्रहामागे येतो तेव्हा काही मिनिटं खरखर. तक्रार आली तर घाबरू नका, ती वेळ आधीच काढता येते.

श्रोत्याच्या घरातही एक नवा शत्रू आला आहे. स्वस्त एलईडी दिवे आणि सौर चार्ज कंट्रोलर मीडियम वेव्हवर भयंकर गुणगुणतात. गावात सौरदिवे लागले त्याच महिन्यात "केंद्राचा आवाज गेला" अशी तक्रार येते. रेडिओ दिव्यापासून तीन-चार मीटर दूर ठेवा आणि आडवा गोल फिरवा. आतली कांडी-अँटेना एका दिशेला आवाज गाळते, ती दिशा सापडेपर्यंत.

हे सगळं जमलं तरी निम्मंच काम झालं. टॉवर आणि वीज यांना तिसरा जोड लागतो, तिथल्या माणसाचा. आणि काटकसरीच्या वर्षात आधी तोच जातो, कारण प्रसारणाची व्याप्ती नकाशावर रंगवून दाखवता येते, निवेदक दाखवता येत नाही. स्थानिक केंद्राचं सहक्षेपण केंद्र झालं तरी नकाशाचा रंग तसाच राहतो.

फरक काय पडतो? १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साह्याने एक प्रयोग केला. १५० गावांत ग्रामीण श्रोते मंडळं, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, एकूण २० कार्यक्रम. ऐकल्यावर मंडळाने चर्चा करायची, प्रश्न केंद्राकडे पाठवायचे, त्यांना पुढे कार्यक्रमातून उत्तर मिळायचं. मंडळं असलेल्या गावांत माहितीत ठळक वाढ दिसली. रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, त्या गावांत ती बरीच कमी. लहर दोन्हीकडे तीच होती.

संकटात हा फरक जिवावर येतो. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेत नॉर्थ डकोटामधल्या मायनॉटजवळ अमोनिया वाहणारी मालगाडी घसरली. गावातली सहा व्यापारी केंद्रं एकाच कंपनीची होती आणि पोलिसांना केंद्रावरच्या माणसाशी वेळेत संपर्क साधता आला नाही. आपत्कालीन इशाऱ्याची यंत्रणा दोन्ही बाजूंनी नीट जुळलेली नव्हती, त्यामुळे दोष नेमका कुणाचा यावर पुढे बराच वाद झाला. वाद बाजूला ठेवू. यंत्र होतं, लहर होती, रात्रीचा फोन उचलून माईक उघडणारं कुणी नव्हतं.

तो माणूस असला की काम कसं व्हावं याचेही नियम आहेत. इशाऱ्यात आधी गावाचं नाव, मग काय करायचं, मग कारण. नदीचा इशारा असेल तर गावं उगमाकडून खाली याच क्रमाने; श्रोत्याला आपलं नाव कधी येणार ते आधीच कळतं. इशारा किती वाजता निघाला ते प्रत्येक वेळी सांगायचं, कारण सकाळचं ध्वनिमुद्रण संध्याकाळी चुकून लागलं तर माणसं उतरलेल्या पाण्यापासून पळतात आणि पुढच्या वेळी पळत नाहीत. "यापुढची माहिती सात वाजता" हे वाक्य हवंच. सेल वाचवायला लोक रेडिओ बंद करतात, त्यांना पुन्हा कधी लावायचा ते कळलं पाहिजे. आणि धोका टळल्याचं निवेदन तेवढ्याच वेळा. हे बहुतेक जण विसरतात.

भाषाही त्याच माणसासोबत येते. कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेची उत्तरेकडची सेवा सीबीसी नॉर्थ इनुक्टिटुट, क्री यांसह आठ आदिवासी भाषांत बोलते. अलास्कातल्या बेथेलचं केवाययूके हे केंद्र १९७१ पासून युपिक या तिथल्या आदिवासी भाषेत आणि इंग्रजीत. अनुवादित बातमीपत्र वाचणं वेगळं आणि बर्फ कुठे पातळ झाला आहे हे तिथल्या शब्दांत सांगणं वेगळं. बर्फाच्या जाडीला जिथे नेमके शब्द आहेत, तिथे "सावध राहा" याला काही अर्थ नसतो.

पैसा कुठून, हा प्रश्न शेवटी येतोच. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर झालेले दोन वर्षांचे ११० कोटी डॉलर मागे घेतले. मोठ्या शहरांतल्या केंद्रांना देणगीदार मिळतात. दहा हजार वस्तीच्या मुलखात देणगीदार किती असणार? वरचं गणित इथेही तसंच लागू पडतं.

तुमच्या भागातलं केंद्र खरंच तुमचं आहे का, हे तपासायचं असेल तर सकाळचं पहिलं बातमीपत्र ऐका आणि पन्नास किलोमीटरच्या आतल्या किती गावांची नावं आली ते मोजा. मग रात्री दोन वाजता केंद्राच्या नंबरवर फोन लावा. किती वेळा वाजतो ते ऐका.