सोलापुरात पुराचा इन्शुरन्स? लोक हसले, मी पण हसलो होतो

तर घर घेतलं. जुळे सोलापूरच्या पण पुढं, आधी जिथं ज्वारी असायची तिथं आता रो हाऊसच्या रांगा आहेत त्यातलं एक. किल्ली हातात यायला महिनाभर होता आणि त्या महिन्यात माझ्या डोक्यात एकच किडा, घराचा इन्शुरन्स काढायचा की नाही, आणि त्यात पुराचं काय.

आप्पांना सांगितलं तर ते खो खो हसले. "सोलापुरात पूर? तुला टँकरचा इन्शुरन्स पायजे, पुराचा कशाला, उगं पैसे घालवलालास!" आणि त्यांचं काही चुकलं असं पण नाही. आमचं सगळं आयुष्य पूर्व भागात गेलं, आप्पा चादरीच्या कारखान्यात, आई घागरी मोजण्यात. चार-पाच दिवसाआड नळाला पाणी, ते पण रात्री अडीचला, मग अख्खी गल्ली जागी. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, किती गेलं हे आमच्याकडं पोरं क्रिकेटच्या स्कोअरसारखं विचारायची. अशा गावात पाण्याची भीती कुणाला वाटणार, पाणी नसण्याची वाटते.

आणि मग २०२५ चा सप्टेंबर आला. घट बसले त्याच आठवड्यात सीना नदीनं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. आपल्याकडं जेवढा पडला त्यापेक्षा वरच्या अंगाला, अहिल्यानगर, बीड, धाराशिव तिकडं जास्त पडला आणि सगळं सीनेत उतरलं. सोलापूर-पुणे हायवे लांबोटीजवळ बंद, विजापूरचा रस्ता वडकबाळजवळ बंद. लांबोटी म्हणजे आपल्यासाठी चिवड्याचा स्टॉप हो, तिथं रस्त्यावर पाणी! माढा, मोहोळकडची लोकं बोटीतून काढली. आणि शहरात पण त्या महिन्यात पाऊस असा पडला की बऱ्याच नगरांत घरात पाणी, जिथं नदी औषधाला पण नाही तिथं.

मला खरं तेव्हा कळलं. आमच्या घराला सीनेचा काहीच धोका नाही, ती लांब आहे. आमच्या कंपाऊंडच्या मागं एक नाला आहे. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये त्याचं नाव 'ग्रीन व्ह्यू'. साईटवर एक म्हातारे वॉचमन आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, त्यांना विचारलं तर त्यांनी मला मागच्या भिंतीपाशी नेलं आणि काठीनं एक मातकट रेघ दाखवली, माझ्या गुडघ्याच्या जरा खाली. "हितंवर आलतं." बस. ब्रोशर एकीकडं आणि ती रेघ एकीकडं. नदीला निदान पूररेषा तरी आखलेली असते, निळी २५ वर्षांत एकदा येईल अशा पुराची आणि लाल १०० वर्षांतल्या पुराची. आमच्या नाल्याची पूररेषा म्हणजे मामांची काठी.

मग इन्शुरन्सच्या मागं लागलो. पहिला शोध असा की निव्वळ पुराची वेगळी पॉलिसी घरासाठी मागायची गरजच नसते आपल्याकडं. मी युट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघत बसलेलो, तिकडं नेहमीच्या घराच्या पॉलिसीत पूर नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. आपल्याकडं घराची आगीची पॉलिसी म्हणतात त्यातच पूर येतो. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं सगळ्या कंपन्यांना एकसारखी एक पॉलिसी ठेवायला लावलीय, 'भारत गृह रक्षा' नाव. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, आणि 'इनंडेशन' म्हणजे पाणी साचून चढून घरात शिरणं, हे सगळं एकाच हप्त्यात. मला पायजे होतं ते इनंडेशनच, पूर शब्दावर उगं अडून बसलो होतो.

दुसरा शोध जरा महागाचा. मला वाटलेलं माझ्या घराचा इन्शुरन्स ऑलरेडी आहे, कारण लोनच्या वेळी बँकेतल्या साहेबानं "सर इन्शुरन्स कंपल्सरी आहे" म्हणून एक मोठी रक्कम लोनमध्येच मिळवून टाकलेली, मी पण सही ठोकली. कागद आता काढून वाचला तर तो माझ्या जिवाचा इन्शुरन्स. म्हणजे मी गेलो तर लोन फिटणार, घर गेलं तर मी हप्ते भरत बसणार. परत करायची तीस दिवसांची मुदत असती, ती कधीच उलटून गेलेली. बायको म्हणली, अहो निदान आता तरी वाचून सही करा. काय बोलणार.

किमतीचं पण असंच. एजंट म्हणतोय ४२ लाखाचं घर आहे ना, मग ४२ लाखाचा काढू. अरे बाबा, त्यातली निम्मी किंमत तर जागेची आहे, जागा कुठं वाहून जाणार? घर परत बांधायला जेवढे लागतील तेवढ्याचाच इन्शुरन्स, कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर. आमचं ९०० चौरस फूट, दर २,००० धरला तर १८ लाख. आणि आतल्या सामानाला त्याच्या २० टक्के आपोआप मिळतात (जास्तीत जास्त १० लाखापर्यंत), म्हणजे आम्हाला ३ लाख ६० हजार, सामानाची यादी न देता. फ्रिज, वॉशिंग मशीन, दिवाण, कपाटं, एवढ्यात बसतंय. सोनं बसत नाही, ते वेगळं सांगून घ्यावं लागतं. गाडी बसत नाही, ती गाडीच्या पॉलिसीत. आणि स्लॅब हळूहळू गळतोय, भिंतीला ओल आलीय, असलं काही यात येत नाही, ते आपण आणि बिल्डरनं बघून घ्यायचं.

वहिनींचा मुद्दा मात्र मला सुचलाच नव्हता. त्या घरी युनिफॉर्मची शिलाई घेतात, तीन मशिनी आणि कायम दहा-पंधरा गठ्ठे कापड पडलेलं, आणि ते सगळं खालच्या खोलीत येणार होतं. ते घरसामान धरत नाहीत, धंद्याचा माल झाला. त्याला छोट्या धंद्यांची वेगळी पॉलिसी आहे, भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. सोलापुरात घराघरात मशिनी आहेत म्हणून मुद्दाम लिहितोय. आम्ही सोपं केलं, मशिनी वरच्या मजल्यावर नेल्या. वहिनी जिना चढताना अजून शिव्या देतात.

आणि हौद! कुणी पुण्या-मुंबईचा वाचत असेल तर सांगतो, आमच्याकडं पाणी चार दिवस पुरवायचं म्हणून प्रत्येक घराला जमिनीत हौद असतोय. नाल्याचं पाणी अंगणात आलं की पहिल्यांदा कुठं जाणार? हौदात. म्हणजे पूर आला की प्यायचं पाणी आधी जातं, वर मोटर जळते. टाक्या बिक्या घराच्या बांधकामात धरतात, ते पॉलिसीत लिहिलेलंच आहे. एजंटला म्हणलं, आणि आतलं पाच दिवसाचं पाणी? तो हसला, म्हणला साहेब पाण्याचा इन्शुरन्स निघाला तर सोलापुरात पहिला मीच विकीन.

आप्पांचं शेवटपर्यंत एकच, सरकार देतंय की नुकसानभरपाई. देतंय, पण पक्कं घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १ लाख २० हजार असा २०२२-२६ चा आपत्तीचा निकष. एवढ्यात आमच्या घराचा एक स्लॅब पण होत नाही. आणि नुसतं पाणी शिरून फर्निचर फुगलं, वायरिंग गेली, त्याला तलाठ्याच्या पंचनाम्याची वाट बघत बसायचं. इकडं माझा हप्ता जीएसटी धरून वर्षाला पंधराशेच्या आसपास आला. आम्ही चौघं एकदा बाहेर मटण खायला गेलो तर तेवढे जातात, कडक भाकरी एक्स्ट्रा घेतली तर जास्तच.

तरी दोन दिवस घोळ घातला हे कबूल करतो. कारण तेच पंधराशे दहा वर्षं भरले आणि काहीच झालं नाही तर, हा आप्पांचा प्रश्न माझ्यातही आहे, कारखान्याच्या पगारात वाढलेल्या घरात न वापरलेला पैसा म्हणजे वाया गेलेला पैसा. पण मामांची रेघ डोळ्यापुढून जाईना. शेवटी काढली, आधी एक वर्षाची. आणि त्याच आठवड्यात गवंडी बोलावून हौदाचं तोंड दीड फूट वर घेतलं, मागच्या दाराला उंबरा चढवला, मोटर भिंतीवर टांगली. त्याला पॉलिसीच्या कितीतरी पट खर्च आला, आणि त्याच्यावर आप्पा एक शब्द बोलले नाहीत, उलट स्वतः उभं राहून पाणी मारत होते सिमेंटला. सगळ्या खोल्यांचे, सामानाचे फोटो काढून मेलवर टाकून ठेवलेत, बिलं पण, कारण नुकसान बघायला कंपनीचा सर्व्हेअर आला की आधी तेच विचारतोय म्हणे.

राहायला आलो त्याला आता तीन आठवडे झाले. परवा रात्री जोराचा पाऊस, मी बॅटरी घेऊन मागच्या भिंतीपाशी रेघ बघत उभा, तेवढ्यात जुन्या घरनं आप्पांचा फोन. "पानी आलं का रे घरात?" माझ्या पोटात गोळा. म्हणलं नाही आप्पा, अजून भिंतीच्या बाहेरच आहे.

"नळाचं विचारलालोय बे," म्हणले. "आज पाळी हाय ना तुमच्याकडं?"